आधी निकाल, मग निकष

३ डिसेंबर २०२३ला, रविवारी दुपारी, अमेरिकेतल्या टीव्हीवर चार नावं जाहीर झाली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये त्या वर्षी चारच जागा होत्या. पाचव्या क्रमांकावर, म्हणजे दाराच्या बाहेर, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी होती. हंगामात तिने १३ सामने खेळले होते आणि तेराही जिंकले होते. टेक्सस आणि अलाबामा एकेक सामना हरून आत गेल्या.

समितीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी आहे, आणि त्याच्याशिवाय ही टीम पूर्वीची राहिलेली नाही. ट्रॅव्हिसचा पाय १८ नोव्हेंबरला, नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात गेला होता. निवड जाहीर झाल्यावर त्याने सोशल मीडियावर जे लिहिलं त्याचा आशय असा: माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे ही टीम फक्त क्वार्टरबॅकवर चालत नाही हे तुम्हाला दिसलं असतं.

रागाच्या भरात लिहिलेलं असेल, पण तर्क बिनचूक आहे. पाय सप्टेंबरमध्ये मोडला असता तर त्याच्याविना जिंकलेले आठ-दहा सामने समितीसमोर असते. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोडला, म्हणून दोनच होते. एखाद्या स्पर्धेच्या नियमांमुळे खेळाडूला आपला पाय लवकर का मोडला नाही याची हळहळ वाटत असेल, तर ते नियम नीट वाचून बघायला हवेत.

या निवडीवर दर डिसेंबरला अमेरिकेत जो वाद होतो, तो 'कोणती टीम चांगली' या प्रश्नावर होतो असं वरवर दिसतं. मला तो वाद दुसऱ्याच गोष्टीचा वाटतो. निकष आधी ठरतात आणि त्यातून निकाल निघतो, की निकाल आधी ठरतो आणि मग त्याला शोभेल असा निकष शोधला जातो?

सामने कमी, टीम फार

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडी पूर्वतयारी. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, लांबट बॉलचा. त्याची कॉलेज आवृत्तीही प्रचंड लोकप्रिय आहे. काही युनिव्हर्सिट्यांची स्टेडियम लाखभर लोकांची आहेत. एमएस करायला तिकडे गेलेला तुमचा एखादा मित्र अचानक कॉलेजच्या रंगाची हुडी घालून शनिवार-शनिवार गायब होऊ लागला असेल, तर कारण हेच.

सर्वोच्च गटात २०२५च्या हंगामात १३६ टीम होत्या. शारीरिक दृष्ट्या खेळ इतका महाग आहे की आठवड्याला एकाहून जास्त सामना खेळता येत नाही. त्यामुळे ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत प्रत्येक टीम १२ सामने खेळते. त्यातले बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या गटात.

आता हिशोब करा. १३६ टीमच्या जोड्या होतात ९,१८०. प्रत्यक्ष सामने होतात आठशेच्या आसपास. म्हणजे दहापैकी नऊ जोड्या एकमेकींशी कधी खेळतच नाहीत. आयपीएलमध्ये दहा टीम १४-१४ सामने खेळतात आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी निदान एकदा गाठ पडते. तिथे गुणतक्ता हेच उत्तर असतं. इथे तसा गुणतक्ता बनूच शकत नाही. एका टीमचे १२ विजय आणि दुसरीचे ११ विजय यांची थेट तुलना होत नाही, कारण ते वेगवेगळ्या लोकांविरुद्ध मिळवलेले असतात.

म्हणून कोणीतरी बसून ठरवावं लागतं. सध्या ते काम १३ जणांची समिती करते. त्यात युनिव्हर्सिट्यांचे क्रीडासंचालक असतात, निवृत्त कोच असतात, माजी खेळाडू असतात. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावातल्या एका मोठ्या हॉटेलात त्यांची बैठक भरते. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी त्यांची क्रमवारी टीव्हीवर जाहीर होते, आणि अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर येऊन ती समजावून सांगतात. चार जागांचा प्लेऑफ २०१४च्या हंगामापासून दहा वर्षं चालला. २०२४पासून जागा १२ झाल्या.

वजन नसलेले निकष

समितीचं लेखी धोरण वाचायला मिळतं. त्यात सांगितलेल्या बाबी ऐकायला अगदी रास्त आहेत: प्रतिस्पर्धी किती तगडे होते, आमनेसामने कोण जिंकलं, कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळालं का, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोणी काय केलं. शिवाय एक कलम आहे, महत्त्वाचे खेळाडू किंवा कोच उपलब्ध नसल्याचा पुढच्या सामन्यांवर होणारा परिणाम लक्षात घेण्याचं. म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत समितीने नियम मोडला, हा आरोप टिकत नाही. नियम होता.

गडबड दुसरीकडे आहे. यातल्या कुठल्याही बाबीला वजन दिलेलं नाही. आमनेसामने विजयाला किती किंमत? कॉन्फरन्सच्या विजेतेपदाला किती? जखमी क्वार्टरबॅकमुळे किती वजा? कागदावर याचं उत्तर नाही. प्रत्येक सदस्य आपापल्या मनात वजनं लावतो, आणि दरवर्षी, खरं तर दर मंगळवारी, ती बदलू शकतो.

मशीन लर्निंगचं एखादं काम केलेल्या कोणालाही यातला धोका लगेच दिसेल. डेटा पाहून झाल्यावर वजनं निवडायची मोकळीक असेल, तर कुठलंही उत्तर सिद्ध करता येतं. पाच निकषांपैकी तीन तुमच्या आवडत्या टीमच्या बाजूने असतातच. उरलेले दोन त्या वर्षापुरते 'कमी महत्त्वाचे' म्हणायचे. ज्यांनी ऑफिसात अप्रेझलची चर्चा ऐकली आहे, त्यांना हा प्रकार नवा नाही. ज्याला वर चढवायचं त्याचं 'पोटेन्शियल' बघतात, ज्याला थांबवायचं त्याचं 'डिलिव्हरी रेकॉर्ड' बघतात.

याची सगळ्यात स्वच्छ जोडी २०१४ आणि २०२३ अशी लावता येते.

२०१४मध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक हंगाम सुरू होण्यापूर्वीच जखमी झाला. दुसऱ्याचा घोटा शेवटच्या साखळी सामन्यात मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याने कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं. समितीने ओहायो स्टेटला चौथी जागा दिली. त्यासाठी टीसीयूला खाली ढकललं गेलं. टीसीयू आदल्या आठवड्यात तिसऱ्या क्रमांकावर होती, शेवटचा सामना तिने ५५-३ असा जिंकला होता, आणि तरी ती थेट सहावी झाली. ओहायो स्टेटने पुढे अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० हरवून विजेतेपद घेतलं.

२०२३मध्ये फ्लोरिडा स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक गेला. दुसऱ्याने फ्लोरिडाविरुद्ध सामना जिंकून दिला. तोही जखमी झाल्यावर कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसरा, पहिल्या वर्षाचा मुलगा उतरला. बचावफळीच्या जोरावर टीमने लुईव्हिलला १६-६ हरवलं. विजय झाला, पण देखणा झाला नाही.

दोन्ही टीम तिसऱ्या क्वार्टरबॅकसह विजेत्या ठरल्या. एक आत, एक बाहेर. फरक दिसण्याचा होता. ओहायो स्टेटकडे तर एक पराभवही होता, तोही स्वतःच्या मैदानावर, फारशा नावाजलेल्या नसलेल्या व्हर्जिनिया टेककडून. मग आपण कोणता नियम शिकायचा? तिसऱ्या क्वार्टरबॅकने जिंकलात तर चालेल, पण ५० पॉइंटने जिंका?

सर्वोत्तम की लायक

या वादात इंग्रजीतले दोन शब्द दर वर्षी एकमेकांवर आपटतात. मराठीत त्यांना 'सर्वोत्तम' आणि 'लायक' म्हणू. सर्वोत्तम म्हणजे उद्या सामना झाला तर जिंकण्याची शक्यता जास्त असलेली टीम. लायक म्हणजे आतापर्यंतच्या निकालांवर जागा कमावलेली टीम. पहिला शब्द भविष्याबद्दल बोलतो, दुसरा भूतकाळाबद्दल. समितीला दिलेलं काम 'सर्वोत्तम' निवडण्याचं आहे, पण प्रेक्षकांशी बोलताना ती गरजेप्रमाणे दोन्ही शब्द वापरते.

सर्वोत्तमच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही, तो नीट मांडायला हवा. २०२३मध्ये अपराजित राहिलेली आणखी एक विजेती टीम होती: लिबर्टी युनिव्हर्सिटी. तिचेही १३ पैकी १३ विजय होते. समितीने तिला २३वा क्रमांक दिला, आणि त्याबद्दल फारसं कोणी रडलं नाही, कारण तिचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. पुढे ओरेगनने लिबर्टीला ४५-६ असं धुतलं. तेव्हा 'हरली नाही म्हणून आत' हा नियम फ्लोरिडा स्टेटचे चाहतेही मनापासून मानत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजावीच लागते.

पण प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजणं आणि भविष्य वर्तवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तू कोणाला हरवलंस' हा प्रश्न विचारताना आपण झालेल्या सामन्यांबद्दलच बोलत असतो. 'तू पुढच्या महिन्यात कोणाला हरवशील' हे विचारलं की झालेले सामने फक्त पुरावा उरतात, आणि पुराव्याची किंमत ज्यूरी ठरवते. मुद्दा टोकाला नेला तर सामने खेळवण्याचीही गरज नाही. ऑगस्टमध्ये प्रत्येक टीमने भरती केलेल्या खेळाडूंची गुणवत्ता बघा, सट्टाबाजाराचे भाव बघा, १२ नावं काढा. फ्लोरिडा स्टेटचे कोच माइक नॉरव्हेल यांनी त्या रविवारी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला होता: मग सामने खेळायचेच कशाला?

समितीचे पाठीराखे यावर एक आकडा दाखवतात: ६३-३. ३० डिसेंबर २०२३ला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा इतका दारुण पराभव केला. बघा, समिती बरोबर होती! पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू नव्हते. कोणी व्यावसायिक लीगच्या तयारीला लागलं होतं, कोणी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायला निघालं होतं. किताबाची संधी काढून घेतल्यावर उरलेल्या टीमचा पराभव दाखवून ती संधी द्यायची नव्हती हे सिद्ध करणं म्हणजे उलटा हिशोब झाला. निर्णयाने जी परिस्थिती निर्माण केली, तीच निर्णयाचं समर्थन म्हणून वापरायची.

शिवाय भविष्य वर्तवण्यात कोणी एवढं पटाईत आहे का? २०२४मध्ये ओहायो स्टेट स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली. त्या वर्षीची मिशिगन साधारण टीम होती. ओहायो स्टेटला आठवं मानांकन मिळालं आणि तिने विजेतेपद जिंकलं. ज्या चार टीमना पहिल्या फेरीत विश्रांती दिली होती, त्या चारही आपला पहिलाच सामना हरल्या. या खेळात १८ ते २२ वर्षांची मुलं लांबट, कुठेही उसळणारा बॉल घेऊन धावतात. डिसेंबरमधल्या अंदाजावर तीन महिन्यांच्या निकालांहून जास्त विश्वास टाकायला फार मोठा आत्मविश्वास लागतो.

कम्प्युटरला दिलेली आणि काढून घेतलेली नोकरी

'मग सूत्र लावा ना', असं कोणताही इंजिनिअर म्हणेल. ते करून झालं आहे, आणि त्याची गोष्ट या वादातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

१९९८ ते २०१३ या काळात बीसीएस नावाची पद्धत होती. अंतिम सामन्यातल्या दोन टीम निवडण्यासाठी माणसांचे कौल आणि कम्प्युटरच्या क्रमवाऱ्या एकत्र केल्या जात. २००१मध्ये नेब्रास्का कोलोराडोकडून ६२-३६ असा सडकून मार खाऊनही अंतिम सामन्यात पोचली. लोक चिडले. त्यानंतर कम्प्युटरना किती फरकाने विजय मिळाला हे बघायलाच मनाई झाली. २००३मध्ये ओक्लाहोमा कॉन्फरन्सचा अंतिम सामना ३५-७ हरूनही पुढे गेली, आणि माणसांच्या दोन्ही कौलांत पहिली असलेली सदर्न कॅलिफोर्निया बाहेर राहिली. लोक पुन्हा चिडले. पुढच्या वर्षीपासून कम्प्युटरचं वजन एक तृतीयांशावर आलं.

पॅटर्न लक्षात आला? माणसं आणि सूत्र यांचं जमलं की सूत्र निरुपयोगी, कारण ते नसतं तरी चाललं असतं. जमलं नाही की सूत्र चुकीचं, म्हणून बदला. टेस्ट फेल झाली की टेस्टच बदलायची, असा प्रोजेक्ट ज्यांनी पाहिला आहे ते हसतील. सोळा वर्षांनी सूत्र काढून समिती आणली गेली, तेव्हा ती पद्धत आधीच पोकळ झालेली होती.

पण एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या सहा कम्प्युटर क्रमवाऱ्यांपैकी वेस्ली कॉली या शास्त्रज्ञाची पद्धत पूर्णपणे उघड होती. कल्पना साधी आहे. एकही सामना न खेळलेल्या टीमचं रेटिंग अर्धं. मग जिंकलेल्या सामन्यांत एक मिळवा, खेळलेल्या सामन्यांत दोन मिळवा, भागाकार करा. त्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगप्रमाणे दुरुस्ती. पण प्रतिस्पर्ध्यांचं रेटिंग त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, म्हणून सगळी समीकरणं एकत्र सोडवायची. गूगलच्या पेजरँकमध्ये एखाद्या पानाचं वजन त्याला जोडणाऱ्या पानांच्या वजनावरून ठरतं, त्याच घराण्यातली ही युक्ती. पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स शिकलेला कोणीही घरी बसून हे करून बघू शकतो.

डिसेंबर २०१०मध्ये एका बाहेरच्या अभ्यासकाने हे गणित ताडून पाहिलं आणि कॉलीच्या डेटात एक सामना गहाळ असल्याचं निघालं. खालच्या श्रेणीतला, कोणाच्या लक्षातही न येणारा सामना. तो घातल्यावर मुख्य क्रमवारीतल्या दहाव्या आणि अकराव्या टीमची, एलएसयू आणि बॉइझी स्टेटची, अदलाबदल झाली. त्या वेळी बातम्यांचा सूर होता की बघा, कम्प्युटर चुकतात. मला यातून उलट दिसतं. चूक सापडली, कारण पद्धत उघडी होती. बरोबर उत्तर काय असायला हवं हे कोणालाही काढता येत होतं.

ग्रेपव्हाइनच्या हॉटेलातल्या समितीची चूक कधीच सापडू शकत नाही. ती चुकत नाही म्हणून नव्हे. चूक म्हणजे काय हेच ठरलेलं नाही म्हणून.

शेजारी आल्यावरच आठवलेला सामना

जागा १२ झाल्यावर हा वाद मिटेल असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. डिसेंबर २०२५मध्ये काय झालं ते बघू.

नोटर डेम आणि मायामी, दोघींचे १० विजय, २ पराभव. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, ३१ ऑगस्टला, मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं. तरी नोव्हेंबरपासून जाहीर झालेल्या प्रत्येक साप्ताहिक क्रमवारीत समितीने नोटर डेमला मायामीच्या वर ठेवलं. शेवटच्या आठवड्यात नोटर डेम दहावी, बीवायू अकरावी, मायामी बारावी होती. त्या शनिवारी नोटर डेमही खेळली नाही आणि मायामीही खेळली नाही. बीवायू मात्र टेक्सस टेककडून ३४-७ हरली. रविवारी क्रमवारी आली: मायामी दहावी, नोटर डेम अकरावी. काही जागा लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव असल्याने अकरावा क्रमांक म्हणजे बाहेर.

स्पष्टीकरण असं मिळालं की बीवायू खाली घसरल्याने या दोन टीम शेजारीशेजारी आल्या, आणि मग आमनेसामने झालेला सामना विचारात घेतला गेला.

माझ्या कामातले लोक हे ऐकून कपाळावर हात मारतील. सॉर्टिंगसाठी आपण तुलनेचं फंक्शन लिहितो: दोन गोष्टी द्या, कोणती वर ते सांग. त्याची पहिली अट अशी की दोन गोष्टींची तुलना मध्ये तिसरं कोण बसलं आहे यावर अवलंबून असता कामा नये. इथे मायामी मोठी की नोटर डेम, याचं उत्तर बीवायूच्या पराभवाने बदललं. ऑगस्टचा सामना तीन महिने तिथेच होता.

आमनेसामनेचा निकष मुळात अवघड आहे, हे मान्य. २००८मध्ये टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ हरवलं, टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ हरवलं, आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६५-२१ हरवलं. तिघींचा रेकॉर्ड ११-१. हे चक्र कुठूनही तोडा, कोणावर तरी अन्याय होणारच. पण चक्र तोडायचा नियम आधी लिहून ठेवता येतो. मायामी आणि नोटर डेम यांच्यात तर चक्रही नव्हतं.

त्याच रविवारी दुसरी गंमत घडली. कॉन्फरन्सचा अंतिम सामना २७ पॉइंटने हरलेली बीवायू घसरली. तोच टप्पा जॉर्जियाकडून २८-७, म्हणजे २१ पॉइंटने हरलेली अलाबामा नवव्या क्रमांकावरून जागची हलली नाही. त्या दोघींना वेगळं वागवायला कारणं असतीलही. ती आधी कोणी सांगितली नव्हती.

नोटर डेमने नंतर कुठलाच बोल सामना खेळायला नकार दिला. रुसवा म्हणा हवं तर. मायामी अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि तिच्या निवडीचे समर्थक खूष झाले. ६३-३ने जसं काही सिद्ध होत नाही, तसं यानेही होत नाही. मायामीची जागा ऑगस्टमध्येच कमावलेली होती. ती तिला योगायोगाने मिळाली, एवढीच तक्रार.

२०१

आता एक घरचं उदाहरण. १८ मे २०२४, बंगळुरू. आरसीबीने चेन्नईविरुद्ध २१८ धावा केल्या. चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या, पण प्लेऑफमध्ये जायला २०१ पुरे होत्या, कारण नेट रनरेट. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर धोनीने षटकार मारला, दुसऱ्या चेंडूवर तो बाद झाला. चेन्नई १९१वर थांबली. दोन्ही टीमचे गुण १४. आरसीबी पुढे गेली.

नेट रनरेट हा काही आदर्श निकष नाही. एका सामन्यात मोठा मार खाल्ला की महिनाभर भोगावं लागतं. पण त्या रात्री मैदानावरच्या प्रत्येकाला, फलंदाजाला, गोलंदाजाला, पाणी देणाऱ्यालासुद्धा, २०१ हा आकडा माहीत होता. चेन्नईच्या चाहत्यांना झालेलं दुःख खरं होतं, पण फसवलं गेल्याची भावना त्यात नव्हती. दुःख आणि फसवणूक यांतलं अंतर म्हणजे तो आधी माहीत असलेला आकडा.

फ्लोरिडा स्टेटच्या मुलांना कोणता आकडा माहीत होता? लुईव्हिलला १६-६ऐवजी ४०-६ हरवलं असतं तर पुरलं असतं का? कोणी सांगू शकत नाही, समितीही नाही. म्हणजे ती मुलं ज्या परीक्षेला बसली होती, तिचा पासिंगचा आकडा पेपर तपासून झाल्यावर ठरला.

मग करायचं काय

समितीऐवजी उद्या कम्प्युटर बसवा, असं मी म्हणणार नाही. सूत्र म्हणजे माणसांनी घेतलेले निर्णयच असतात, फक्त आधी घेतलेले. आणि नेमकं तेवढंच मला हवं आहे. ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, वजनं जाहीर करा. आमनेसामने विजय केव्हा निर्णायक, केव्हा नाही. कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरल्यास घसरण होणार की नाही. जखमा धरायच्या की नाही. माझं मत, धरू नयेत. मैदानावर जी टीम उतरली तिने जे जिंकलं ते तिचं.

प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजायलाही भूतकाळात राहून करता येईल असा मार्ग आहे. प्रश्न असा विचारायचा: या टीमचं वेळापत्रक एखाद्या साधारण चांगल्या टीमला दिलं, तर तिला एवढे विजय मिळवणं किती कठीण गेलं असतं? लिबर्टीचे १३ विजय आणि फ्लोरिडा स्टेटचे १३ विजय यांतला फरक यात आपोआप दिसतो, आणि कोणाच्या मोडलेल्या पायाकडे बघावं लागत नाही. समितीने २०२५पासून अशा धर्तीचा एक आकडा आपल्या सामग्रीत घेतला आहे, पण बाकीच्या बाबींसारखाच, वजनाशिवाय.

याचा आणखी एक फायदा. २०२३मध्ये टेक्सस हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात अलाबामाच्या मैदानावर जाऊन ३४-२४ जिंकली. असे सामने प्रेक्षकांना हवे असतात. पण पराभवाची शिक्षा किती आणि तगड्याशी भिडण्याचं बक्षीस किती हे माहीत नसेल, तर शहाणा क्रीडासंचालक दुबळे पाहुणे बोलावतो आणि ५०-३ जिंकतो.

हे होईल का? अवघड दिसतं. धूसरपणा विकला जातो. आकडे आधीच माहीत असतील तर मंगळवारच्या कार्यक्रमात बोलायचं काय? प्लेऑफच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन वर्षाला सव्वा अब्ज डॉलरहून अधिक मोजते, आणि क्रमवारीचा साप्ताहिक कार्यक्रमही त्याच वाहिनीवर असतो. यात कारस्थान शोधायची गरज नाही. वाद चालू राहिला की सगळ्यांचं पोट भरतं, एवढं पुरेसं आहे. नुसत्या प्रवेशासाठी प्रत्येक टीममागे कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळतात, त्यामुळे ज्यांच्याकडे वजनं ठरवण्याचा अधिकार आहे ते तो कागदावर उतरवून सोडून देतील, याची शक्यता कमीच.

त्याऐवजी जागा वाढवायच्या गप्पा चालू आहेत. कोणी १६ म्हणतं, कोणी २४. जागा वाढल्या की कट्ट्यावरची टीम बदलते: आधी पाचवी रडायची, आता अकरावी-बारावी रडते, पुढे सतरावी रडेल. सतराव्या टीमबद्दल सहानुभूती कमी असेल, म्हणून आवाज कमी होईल, आणि प्रश्न सुटला असं जाहीर होईल. पण त्या सतराव्या टीममध्येही कोणीतरी मुलगा असेल, ज्याने सगळा हंगाम खेळून काढला आणि ज्याला नक्की कितीने कमी पडलो हे शेवटपर्यंत कळणार नाही.